शनिवारचं पाणी

(दृश्य : पितळी घंगाळात पडणारं पाणी. फक्त पाण्याचा आवाज.)

मिरजेतल्या एका चर्चमधली, ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारची संध्याकाळ. वेदीसमोर बारा खुर्च्या मांडल्यात. त्यांवर मंडळीतलीच बारा माणसं बसलीत. एक रिक्षावाले काका, एक निवृत्त नर्सबाई आणि शेवटच्या खुर्चीवर नुकतीच बारावीची परीक्षा दिलेला एक मुलगा. पाळकसाहेबांनी झगा उतरवून ठेवलाय, कमरेला पंचा बांधलाय.

आता ते गुडघ्यांवर बसतात.

शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू असाच जेवणावरून उठला आणि शिष्यांचे पाय धुऊ लागला. योहानाच्या शुभवर्तमानात ही हकिगत आहे. धूळ तुडवत आलेल्या पाहुण्याचे पाय धुणं हे त्या काळी दासाचं काम. पेत्र या शिष्याला ते बघवेना, तो नको नको म्हणाला. आपल्याकडेही पाहुण्याला पाय धुवायला पाणी देतात, पण तांब्या पुढे करणं निराळं आणि खाली बसून त्याची टाच हातात घेणं निराळं.

पाळकसाहेबांच्या मागं टॉवेल घेऊन उभ्या आहेत त्या मावशींकडे बघा. ही गोष्ट त्यांची आहे.

(दृश्य : पहाट, धुकं. कॅरिअरला घमेलं बांधलेली सायकल.)

थोडं मागं जाऊ. नाताळाआधीचा एक शनिवार. मिरजेबाहेरची ही वस्ती कुष्ठरोगातून बरे झालेल्या कुटुंबांची. हो, बरे झालेल्या. हा शब्द आम्ही मुद्दाम पुन्हा म्हणतोय. सहा महिने ते वर्षभर औषधं नेमानं घेतली की हा रोग जातो आणि ती औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पण उपचाराला उशीर झाला, तर मेलेल्या नसा परत येत नाहीत. तळव्याला काटा रुतला तरी कळत नाही, चटका बसला तरी कळत नाही. घाम येत नाही, म्हणून कातडी सुकते, टाचेला भेगा पडतात. त्याच भेगेची पुढं जखम होते.

म्हणून हे पाणी.

मावशी आधी स्वतःचं कोपर बुडवून बघतात. पाणी गरम चालत नाही, कारण पोळलं तरी समोर बसलेल्या आजींना समजणार नाही. पाय वीसेक मिनिटं भिजू द्यायचे. मग मऊ पडलेला घट्टा खरबरीत दगडानं हळूहळू घासायचा. घरातली वजरी इथं नको, तिची धार लागली तर रक्त दिसेल तेव्हाच कळणार. पाय ओला असतानाच खोबरेल चोळायचं, म्हणजे पाण्याचा ओलावा आत राहतो. बोटांच्या बेचक्या मात्र कोरड्या करायच्या, एकेक करून.

दुखतंय का, असं मावशी कधीच विचारत नाहीत. विचारून उपयोग नसतो. त्या पाय उजेडाकडे वळवून बघतात. अंगठ्याच्या बाजूला फोड आलाय.

“आजी, चुलीजवळ बसला हुतासा व्हय?”

“थंडी हुती गं बाई.”

(दृश्य : आजींचा चेहरा. निवेदन नाही.)

मिरजेला हे काम नवं नाही. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम जेम्स वॉनलेस १८८९ साली मिशनचे डॉक्टर म्हणून भारतात आले. सुरुवात सांगलीत झाली आणि १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभं राहिलं. आपण ज्याला साधं ‘मिशन हॉस्पिटल’ म्हणतो, ते हेच. सांगली-मिरज रस्त्यावरच्या वॉनलेसवाडीच्या नावात हा डॉक्टर आजही आहे. कर्नाटकातल्या अथणीपासून कोकणापर्यंतचे पेशंट मिरजेची वाट धरू लागले. कुष्ठरुग्णांना लोक गावाबाहेर काढत होते, त्या काळात त्यांच्यासाठी इथं रिचर्डसन रुग्णालय झालं. त्या वॉर्डांत राबलेल्या नर्सबाया, आया, ड्रेसर यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत. मावशींची आई त्यांतलीच एक. आई पट्टी कशी बांधायची, ते सांगताना मावशींचे हात आपोआप हवेत फिरतात.

फळं वाटून जाणारे इथं पुष्कळ येतात. येऊ देत, चांगलंच आहे. पण पायाला दर आठवड्याला कुणाचा तरी हात लागावा लागतो. मंडळीतले सातआठ जण तो नेम पाळतात. आलेल्याची जात, धर्म कुणी विचारत नाही. तळव्याला मऊ रबर असलेल्या चपला मात्र सगळ्यांना पुरत नाहीत. त्या हव्या आहेत आणि तरुण हातही हवे आहेत. नेमानं जपलेल्या कितीतरी पायांच्या जखमा भरल्या, बोटं वाचली.

डिसेंबरातल्या त्या सकाळी पाण्याची बादली ठेवून चार पावलं मागं सरकलेला हा मुलगा ओळखलात? गुरुवारी शेवटच्या खुर्चीवर हाच होता. मावशींनी त्याचे पाय पुसले तेव्हा त्यानं मान खाली घातली होती.

(दृश्य : ईस्टरनंतरचा शनिवार. तीच वस्ती, तेच घमेलं.)

मावशी आज बाजूला उभ्या आहेत. पाटावर तो बसलाय. समोर एक आजोबा, धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलेले. तो शर्टाची बाही दुमडतो आणि घमेल्यात कोपर बुडवतो.

(पाण्याचा आवाज. दृश्य तसंच राहू द्यावं.)