लॉट निवडताना: ५० मीटर रायफलच्या काडतुसांविषयी

रायफल नेमबाजीच्या शिबिरांत आपण पवित्रा, श्वास आणि ट्रिगर यांविषयी तासन्‌तास बोलतो. काडतुसांचा विषय निघाला की मात्र ‘चांगल्या कंपनीची घ्या’ एवढे सांगून मोकळे होतो. मला हा सल्ला अपुरा वाटतो. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या आणि एकाच किमतीच्या दोन पेट्या एकाच रायफलमधून वेगवेगळा निकाल देऊ शकतात, आणि वरच्या पातळीवर त्या फरकाची किंमत मोजावी लागते. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये (गुडघ्यावर बसून, पालथे झोपून आणि उभे राहून नेम धरण्याच्या प्रकारात) ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकले. ते दशांशाचे गुण ज्या लक्ष्यावर मिळवायचे, त्याच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो, आणि ०.१ गुण म्हणजे मध्यापासून जेमतेम ०.८ मिलिमीटरचे अंतर.

आता काडतुसाकडे पाहू. या प्रकारात वापरल्या जाणाऱ्या पॉइंट टू-टू (०.२२ इंची) काडतुसाची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ३२० मीटर वेगाने सुटते असे धरले, तर ५० मीटर जायला तिला साधारण ०.१६ सेकंद लागतो आणि तेवढ्या वेळात ती सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. पुढची गोळी सेकंदाला १० मीटर अधिक वेगाने सुटली, तर ती सुमारे ७ मिलिमीटर वर लागेल. नेमबाजाचा हात जराही हललेला नसताना जवळजवळ ०.९ गुणाचा फरक पडला. नळीच्या कंपनामुळे यातला काही भाग भरून निघतो हे खरे, पण त्यावर विसंबून राहणे शहाणपणाचे नाही. वेग किती आहे यापेक्षा तो गोळीगणिक किती बदलतो, हे पाहणे महत्त्वाचे.

मोठ्या कॅलिबरच्या सेंटरफायर काडतुसांत हा बदल नेमबाजाला स्वतः कमी करता येतो. त्यांच्या पुंगळीच्या बुडाशी मध्यभागी असलेला प्रायमर, म्हणजे आघाताने पेट घेणारी छोटी टोपी, काढून नवा बसवता येत असल्यामुळे अमेरिकेतील बेंचरेस्ट (रायफल टेबलावर टेकवून अचूकता अजमावणारे) नेमबाज काडतुसे घरीच भरतात; पुंगळ्या निवडून वेगळ्या करतात, पावडर तोलतात आणि गोळी दर वेळी सारख्याच खोलीवर बसवतात. भारतात परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार गुन्हा आहे, त्यामुळे तो मार्ग आपल्याला बंदच आहे. परंतु पॉइंट टू-टूमध्ये व्यवहारात तो कोणालाच मोकळा नाही. या काडतुसाचे पेट घेणारे मिश्रण कारखान्यात पुंगळीत ओले सोडले जाते आणि पुंगळी वेगाने फिरवून ते बुडाच्या काठाच्या पोकळीत पसरवले जाते. ते काठात सगळीकडे सारखे पसरले नाही, तर दारू दर वेळी सारखी पेटत नाही, आणि कारखान्याबाहेर पडलेल्या काडतुसात ही उणीव कोणालाही दुरुस्त करता येत नाही. म्हणून घरी भरणारा जी शिस्त बनवण्यात ओततो, तीच आपण निवडण्यात ओतली पाहिजे.

निवड म्हणजे लॉटची, म्हणजे कारखान्यात एकाच खेपेत बनलेल्या काडतुसांच्या गटाची, चाचणी. काडतुसे बनवणारी ईली कंपनी ती इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे, तर लापुआ जर्मनीतील शोनेबेक येथे करून देते: नेमबाजाची रायफल व्हाइसमध्ये (शिकंज्यात) घट्ट आवळतात आणि एकेका लॉटच्या गोळ्या झाडून ग्रुप, म्हणजे लक्ष्यावर पडलेल्या छिद्रांचा पुंजका, मोजतात. तिथवर जाणे ज्यांना शक्य नाही, त्यांनी आपल्या रेंजवर भक्कम आधार देऊन हेच करावे. यात सर्वांत मोठा धोका घाईचा आहे. पाच गोळ्यांचा एक सुरेख ग्रुप पडला की आपण तो लॉट उचलतो. पण इतक्या कमी गोळ्यांत योगायोगच अधिक बोलतो. समजा दहा गोळ्यांचा वेग मोजला आणि प्रमाण विचलन (वेग सरासरीभोवती किती विखुरला आहे याचे माप) सेकंदाला ३ मीटर आले, तर त्या लॉटचे खरे विचलन २ पासून साडेपाचपर्यंत कुठेही असू शकते. एवढ्या मोठ्या पट्ट्यात उत्तम लॉटही बसतो आणि सुमारही. म्हणून प्रत्येक लॉटचे दहा-दहा गोळ्यांचे चार-पाच ग्रुप घ्यावेत आणि केवळ सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधले अंतर न मोजता, ग्रुपच्या मध्यापासून सर्व छिद्रांची सरासरी त्रिज्या काढावी. पहिल्या मापात दोनच गोळ्या निकाल ठरवतात, दुसऱ्यात प्रत्येक गोळीचे मत धरले जाते.

ज्या मुलांचे गुण अजून पवित्र्यामुळेच वरखाली होतात, त्यांच्या पालकांनी या खर्चात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो पैसा सरावाच्या काडतुसांवर खर्च करावा. ज्यांची प्रोनमधील (पालथे झोपून नेम धरतानाची) दर गोळीमागची सरासरी १०.३ च्या पुढे स्थिरावली आहे, त्यांनी मात्र चाचणी टाळू नये, आणि जुळलेला लॉट परवान्याच्या मर्यादेत संपूर्ण हंगामाला पुरेल इतका एकदमच घ्यावा, कारण तो संपल्यावर पुन्हा मिळेलच असे नाही. सहकाऱ्याला जुळलेला लॉट आपल्या नळीला जुळेल, हेही गृहीत धरू नये. शेवटी एक खबरदारी: गोळीवर मेणासारख्या वंगणाचा लेप असतो, आणि वेगळ्या बनावटीची काडतुसे घेतल्यावर नळीत तो नव्याने बसायला काही गोळ्या लागतात. त्या चाचणीत धरू नयेत.