कॅनवर लिहिलंय तेवढंच कॅनमध्ये आहे का?

[शेत, ड्रिपची टाकी]

सकाळचे सात वाजलेत, लाइट आलीय आणि कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून हे दादा घाईघाईत 10:34:0 या लिक्विड खताचा कॅन टाकीत ओततायत, तिथून व्हेंचुरी, म्हणजे पाण्याच्या जोरावर खत ओढणारी नळी, ते ओढणार आणि ड्रिपच्या नळीतून खत थेट मुळाशी. आता या लिक्विडकडे बघा. हिरवट दिसतं, घट्ट वाटतं, बास. आत खरंच 10 टक्के नत्र आणि 34 टक्के स्फुरद आहे का, हे डोळ्याला कळायचा काही मार्गच नाही.

[लॅब]

लॅबमध्ये पहिलं काम मशीनचं नाही, हाताचं. कॅनमधल्या सॅम्पलची बाटली नीट हलवायची. थंडीत तळाला खडे धरलेले असतात, ते न विरघळवता वरवरचं घेतलं की पुढचं सगळंच चुकलं. आणि घेताना पिपेटने, म्हणजे मापाच्या काचेच्या नळीने नाही, वजन करून घ्यायचं, कारण हे लिक्विड पिपेटला आतून चिकटून राहतं. शिवाय याचं एक लिटर भरतं साधारण 1.4 किलो, म्हणजे वजनाने 10 टक्के नत्र असेल तर लिटरमागे 100 नाही, 140 ग्रॅम मिळायला हवं. लेबलवरचा टक्का वजनाचा आहे का आकारमानाचा, हे कॅन घेतानाच बघत जा, खरंच.

आता नत्र, स्फुरद मोजणारं मशीन. ट्रेमध्ये छोटे कप लावलेत, सुई एकेका कपात उतरते, पंप सॅम्पल बारीक नळीत ओढतो आणि मध्ये मध्ये हवेचा बुडबुडा सोडतो. कॅमेरा जरा जवळ नेऊया. हा बुडबुडा नळीतल्या लिक्विडचे तुकडे पाडतो, म्हणून मागचं सॅम्पल पुढच्यात मिसळत नाही. ही कल्पना लेनर्ड स्केग्ज यांची, अमेरिकेत क्लीव्हलंडच्या एका हॉस्पिटलमध्ये ते काम करायचे, 1957 साली त्यांनी ती प्रसिद्ध केली, आणि तेव्हा मोजायचा होता माणसाच्या रक्तातला युरिया! तीच आयडिया पुढे खतापर्यंत पोचली, मला तर हे फार भारी वाटतं.

स्फुरदासाठी नळीत मॉलिब्डेट आणि व्हॅनाडेट ही रसायनं सोडतात, रंग येतो पिवळा. जितका गडद पिवळा तितका स्फुरद जास्त, आणि तो गडदपणा प्रकाश आरपार सोडून मोजला जातो. नत्राचं काम जास्त किचकट, कारण ते अमोनियम, नायट्रेट आणि युरिया अशा तीन रूपांत येऊ शकतं आणि एकाच टेस्टमध्ये तिन्ही सापडत नाहीत. 1883 पासून चालत आलेली नत्र मोजायची जेल्डालची पद्धत सरळ वापरली तर नायट्रेट नीट धरलंच जात नाही, आधी त्याचं अमोनियात रूपांतर करावं लागतं. पालाश त्या मानाने सोपं, ज्योतीत फवारलं की जांभळट झाक येते, तेव्हा पालाश जो प्रकाश सोडतं तो मोजायचा.

[स्क्रीनवर ग्राफ]

हे बघा, स्टँडर्डचा, म्हणजे स्फुरद किती आहे हे आधीच माहीत असलेल्या सॅम्पलचा, डोंगर उंच आलाय आणि त्याच्या शेजारी आपल्या 10:34:0 चा अगदी बुटका. कोणालाही वाटेल खत बोगस आहे. पण थांबा. यातला बराचसा स्फुरद पॉलिफॉस्फेट असतो, म्हणजे साखळीत बांधलेला, आणि तो पिवळा रंग साखळीला येतच नाही, सुट्या फॉस्फेटलाच येतो. साखळी तोडायला आधी ॲसिड घालून तापवावं लागतं. ती एक पायरी राहिली तर मशीन काही ओरडत नाही, गुपचूप कमी आकडा देतं, आणि प्रामाणिक माल बनवणाऱ्यावर ठपका येतो. भेसळवाला पकडला पाहिजे हे शंभर टक्के, पण असा अन्याय मला तितकाच वाईट वाटतो.

म्हणून लॅबमधल्या ताईंनी रिपोर्ट लिहिला नाहीये. बाटली परत हलवली, परत वजन केलं, ॲसिड घालून तापवायला ठेवलंय. थंड झालं, फिल्टर केलं, कप पुन्हा ट्रेमध्ये, स्टँडर्डच्या बरोबर मागे. सुई उतरली... पिवळा तुकडा बुडबुड्यांच्या मधून पुढे सरकतोय, आणि ग्राफ चढायला लागलाय.