पांढऱ्या हरणाची गुहा

चीनचा जियांगशी प्रांत, लुशान पर्वताचा पायथा. ओढ्याच्या काठाने चालत आलं की झाडांमागे या जुन्या शाळेची कौलं दिसू लागतात. तांग काळात (सातवं ते दहावं शतक) ली बो नावाचा एक अभ्यासक इथे पांढरं हरिण पाळून राहायचा. जागेचं नाव त्यावरूनच पडलं. हे दगडी हरिण मात्र पुष्कळ नंतरचं, मिंग काळातलं (चौदावं ते सतरावं शतक).

११७९ साली कन्फ्यूशियसच्या परंपरेतले तत्त्वज्ञ झू शी या भागाचे प्रशासक होऊन आले, तेव्हा इथे रान माजलेलं होतं. डोंगरातले बौद्ध आणि ताओ मठ नांदते, आणि कन्फ्यूशियसच्या विचारांची ही शाळा तेवढी मातीत गेलेली. हे त्यांना सलत राहिलं. दरबाराकडे पाठपुरावा करून त्यांनी ती पुन्हा उभी केली, पुस्तकं जमवली, स्वतः शिकवलं. नियमही त्यांनीच लिहिले: भरपूर शिका, खोदून विचारा, नीट विचार करा, पारखून घ्या, मग मनापासून आचरा. काय करू नये, याची यादी त्यांनी मुद्दाम टाळली.

आता हा शिलालेख पाहा. यातले शब्द झू शींचे नाहीत, त्यांच्या विरोधकाचे आहेत. ११७५ मध्ये एका मठातल्या वादात लू ज्युयुआन या तत्त्वज्ञांनी झू शींच्या ग्रंथाभ्यासाला तुकड्या-तुकड्यांचं काम म्हटलं होतं. सहा वर्षांनी, ११८१ मध्ये, झू शींनी त्याच लूंना इथे व्याख्यानाला बोलावलं. विषय होता नीती आणि लाभ. लू म्हणाले, परीक्षा आणि पदासाठी वाचणारा माणूस लाभाच्याच मागे असतो. ऐकणाऱ्यांपैकी काहींच्या डोळ्यांत पाणी आलं. हवेत गारवा असूनही झू शींना घाम फुटला आणि ते पंख्याने वारा घेत राहिले, अशी नोंद आहे. त्यांनी ते व्याख्यान लिहून घेतलं आणि दगडावर कोरवलं. प्रतिपक्षाला एवढा मान देणारा गुरू मला दुसरा माहीत नाही.

आणि ही झू शींची टीका, म्हणजे जुन्या ग्रंथांवरचं भाष्य. मोठ्या अक्षरांत मूळ वचन, खाली बारीक अक्षरांच्या दुहेरी ओळींत अर्थ. कन्फ्यूशियसची वचनं, त्यांच्या परंपरेतल्या मेंग्झींचा ग्रंथ आणि आणखी दोन ग्रंथ त्यांनी असे एकत्र बांधले. १३१३ च्या फर्मानाने हीच टीका सरकारी परीक्षेचा पाया ठरली, ती १९०५ पर्यंत. कोरियातही तिच्यावर शाळा उभ्या राहिल्या.

झू शींच्या अखेरच्या वर्षांत मात्र दरबाराने त्यांच्या शिकवणीला ‘खोटी विद्या’ ठरवून बंदी घातली होती. १२०० साली, मृत्यूच्या तीन दिवस आधी, ते त्या चारांपैकीच ‘महाविद्या’ या ग्रंथातल्या प्रामाणिक मनाविषयीच्या प्रकरणावरची टीका दुरुस्त करत होते.