रात्रीची लाईट

[रात्र. केळीची बाग. बॅटरीचा उजेड.]

सव्वाबारा वाजलेत. चोपडा तालुक्यातलं तापीकाठचं शिवार. लाईट आली. स्टार्टरचा खटका, मोटरची घरघर, आणि ठिबकच्या नळीत पाणी शिरतानाची ही सुरसुर.

एक व्हॉल्व्ह बंद करायचा, दुसरा उघडायचा. दोन तासांनी परत तेच. मधे नळी फुटली तर चिखलात बसून सांधायची. मोबाईल स्टार्टर आले, मोटर घरबसल्या चालू होते. व्हॉल्व्ह फिरवायला मात्र माणूसच लागतो. शेतीची थ्री फेज वीज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. ही पाळी झोपेला कोण समजावणार?

[पिवळे पट्टे पडलेलं पान, अगदी जवळून.]

त्यात हे. कुकुंबर मोझॅक विषाणू. इकडे म्हणतात हरण्या. मावा नावाची कीड तो पसरवते. औषध नाही, रोप उपटून टाकायचं. श्रावणात दादा, म्हणजे या बागेचे शेतकरी, दिवसा रोपं उपटत होते, रात्री उरलेल्यांना खत-पाणी देत होते. मधल्या वेळात मोबाईलवर केळीचा भाव.

मग हात थरथरायला लागले. छातीत धडधड. वही उघडली की आकडे दिसायचे, बेरीज व्हायची नाही. घरात एवढंच सांगायचे, "माले झोप लागत नही." कुणी म्हणालं, नसांची कमजोरी. ताकदीच्या सलाईन झाल्या, नजर उतरवून झाली. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, सगळे रिपोर्ट नॉर्मल. मग आजार कसला? या एका प्रश्नात तीन महिने गेले.

[सकाळ. तापीचा काठ.]

जळगावच्या मानसोपचार तज्ज्ञांकडे आम्ही कॅमेरा नेला नाही. त्यांचा कागद वहिनींनी, दादांच्या बायकोनं, दाखवला. रात्रपाळी बंद. दुपारनंतर चहा बंद. रोज एकाच वेळी उठायचं. खाली गोळ्या. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायच्या नाहीत, हे दोनदा बजावलेलं.

पहिल्या आठवड्यात काहीच फरक नाही. पुढे एका संध्याकाळी दादांनी दुसरी भाकरी मागितली. ज्वारी-उडदाच्या कळण्याची, भरिताबरोबर. वहिनी अजून ती संध्याकाळ सांगतात. मग हे चालणं: आधी बांधापर्यंत, आता काठापर्यंत. मधे एकदा परत खचले, दोन दिवस खाट सोडली नाही. असं होतं.

कांदेबाग, म्हणजे पावसाळा सरताना लावायची केळी, यंदा लावली नाही, सोसायटीचं कर्ज थकलं.

[पडद्यावर नंबर.]

टेली-मानस, मनाच्या आजारांसाठी सरकारी हेल्पलाईन, १४४१६. पैसे लागत नाहीत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

[स्टार्टरची पेटी. संध्याकाळ.]

सोमवारपासून पाळी परत रात्रीची. स्टार्टरचा मोबाईल आता धाकट्या भावाकडे आहे. तो दिवसा कापसाच्या जिनिंगवर कामाला जातो.