लेक: खेळ आणि खाडा

(दृश्य: दगडी घरांची चढाची गल्ली. एक मुलगा काखेत चेंडू घेऊन दार वाजवतोय.)

उत्तर इंग्लंडातलं यॉर्कशर. दाराशी आलेलं पोर मित्राला विचारायचं, "लेकिन आउट?" म्हणजे, येतोस का खेळायला?

हे हिंदीतलं 'लेकिन' नव्हे. आणि लेकरं खेळतात म्हणून आपल्या 'लेका'शी नातं जोडायचा मोह झाला, तरी तेही नाही. 'लेक' म्हणजे खेळणं, आणि हा शब्द आला बोटीतून. ८६६ साली स्कँडिनेव्हियातून आलेल्या व्हायकिंग दर्यावर्द्यांनी यॉर्क शहर जिंकलं. दहा वर्षांत जमिनी वाटून घेतल्या आणि लढणारे नांगर धरून तिथलेच झाले. त्यांच्या नॉर्स भाषेतलं 'लाइका' शेजाऱ्यांच्या तोंडी 'लेक' झालं.

(दृश्य: यॉर्कमधली 'कॉपरगेट' ही पाटी)

या पाटीतलं 'गेट'ही त्यांचंच. दार नव्हे, रस्ता. आणि घरोघरी पायाखाली टोचणारा लेगोचा ठोकळा? नॉर्सचीच लेक असलेल्या डॅनिश भाषेतलं 'लेग गोट', म्हणजे छान खेळ, यावरून ते नाव पडलं. 'लेग' आणि 'लेक' सख्खी भावंडं. ऋग्वेदातलं 'रेजते', म्हणजे थरथरतं, हे त्यांचं लांबचं चुलत भावंड मानतात.

(दृश्य: बंद माग. आवाज नाही.)

पण गिरण्यांच्या गावात हा शब्द मोठी माणसंही वापरत, आणि तेव्हा त्यात खेळ नसे. मागावरचा ताणा संपला, नवा आला नाही, की विणकर हात बांधून बसे. मजुरी विणलेल्या कापडावर. कापड नाही, तर पैसे नाहीत. अशा दिवशी तो 'लेकत' असे. कोळशाच्या खाणीतला मजूर कामावर गेला नाही, तर तोही 'लेकत' असे. आपल्या गिरणगावातला 'खाडा' याच्या जवळ जातो, पण त्या शब्दात पूर्वी कधी चेंडू नव्हता.

(दृश्य: यॉर्कशरमधल्या सॉल्टेअर गावची गिरणी)

जोसेफ राइट, जन्म १८५५. लेकायच्या वयात, सहाव्या वर्षी, तो दगडाच्या खाणीवर गाढवाची गाडी हाकत होता. मग या गिरणीत डॉफर झाला: भरलेल्या बॉबिनी काढायच्या, रिकाम्या चढवायच्या. पंधराव्या वर्षापर्यंत त्याला वाचता येत नव्हतं. पुढे तो ऑक्सफर्डला प्राध्यापक झाला आणि १८९८ ते १९०५ या काळात इंग्रजी बोलींचा सहा खंडी कोश त्यानं काढला.

त्यात 'लेक' आहे. खेळणं, आणि हाताला काम नसणं, दोन्ही एकाच नोंदीत.