एकच पावडर, अनेक प्रयोगशाळा

श्रोतेहो, नमस्कार.

ठाणे-बेलापूर रस्त्याने रबाळे, महापे, पावणे करत गेलं की रंगांचे, रसायनांचे, प्लास्टिकचे कारखाने लागतात. या धंद्यांत जगभर नॅनो पावडरी शिरल्या आहेत. 1 ते 100 नॅनोमीटरचे कण. आपल्या केसाची जाडीच साधारण 80 हजार नॅनोमीटर भरते. पदार्थ जुनाच असला, तरी इतका बारीक झाला की शरीरात तो निराळा वागू शकतो.

कार्बनच्या नॅनोनळ्या घ्या. 2008 साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी त्या उंदरांच्या पोटाच्या पोकळीत सोडल्या. लांब, ताठ नळ्यांनी अ‍ॅस्बेस्टॉससारखी सूज आणि गाठी आणल्या. आखूड, गुंतलेल्या नळ्यांनी तसं केलं नाही. म्हणजे 'कार्बन सुरक्षित की घातक' हा प्रश्नच अपुरा. कुठल्या आकाराचा, किती लांबीचा, हे विचारावं लागतं.

सुरुवातीच्या काळात मात्र एका प्रयोगशाळेचा निकाल दुसरीशी जुळत नसे. पेशी जिवंत आहेत का, हे पाहायला एमटीटी नावाची रंगचाचणी करतात. त्या चाचणीत तयार होणारा रंग नॅनोनळ्यांनाच चिकटून बसायचा आणि धडधाकट पेशी मेलेल्या दिसायच्या! शिवाय कोणी पावडर पाण्यात नुसती हलवायचं, कोणी ध्वनिलहरींनी सुटी करायचं. म्हणून 2006 मध्ये ओईसीडी या देशांच्या संघटनेने खास कार्यगट नेमला. देशांनी पदार्थ वाटून घेतले, चाचण्यांच्या पद्धती ठरवायला घेतल्या. इटलीत इस्प्रा इथे युरोपीय संघाच्या संशोधन केंद्रात नमुन्यांचं भांडार आहे. तिथून एकाच घाण्याची पावडर निरनिराळ्या देशांत जाते. कंटाळवाणं, चिकाटीचं काम आहे हे. पण मला तरी खरं विज्ञान इथेच दिसतं.

आपल्याकडे लखनौची भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था या विषयावर काम करते. माझी तळमळ ठाण्याच्या खाडीसाठी आहे. जंतू मारायला कापडावर चढवलेली नॅनो चांदी धुण्याच्या पाण्यातून गटारात उतरते. खाऱ्या पाण्यातला क्लोराइड आणि चिखलातला सल्फाइड चांदीला बांधून ठेवतात, तिचं विष बरंचसं उतरतं. त्यामुळे गोड्या पाण्यातले निकाल इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेल्या या खाडीचा चिखलही त्या सामायिक चाचण्यांत असायलाच हवा.

आणि शिफ्टला जाणाऱ्या मंडळींनो, कोरडी पावडर पोत्यातून ओतताना ती सर्वांत जास्त उडते. आरोग्य आणि सुरक्षेची माहिती मागण्याचा हक्क पूर्वी कारखाना कायद्याच्या कलम 111-अ मध्ये होता; नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेतही तो तुम्हाला आहे. सेफ्टी ऑफिसरकडे त्या मालाचं एमएसडीएस, म्हणजे सुरक्षेचं माहितीपत्रक, मागा आणि त्यात कणांचा आकार लिहिलाय का, ते पाहा. नसेल, तर पुरवठादाराकडून लेखी मागवायला सांगा.