पाच यार्डांचा नियम आणि त्याच्या पळवाटा

श्रोतेहो, नमस्कार. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतली कॉलेजची मुलं जो फुटबॉल खेळत, त्याविषयी आज बोलू या. हा आपला गोलवाला फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू छातीशी धरून प्रतिपक्षाच्या हद्दीत घुसायचं, असा हा रग्बीतून निघालेला खेळ. नियम ठरवले ते विद्यार्थ्यांनीच, १८७६ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्डला बैठक भरवून. कप्तान खेळाडूंनी निवडायचा, हिशेबही विद्यार्थ्यानेच ठेवायचा. प्राध्यापक बहुधा लांबच असत.

रग्बीच्या घोळक्यातून चेंडू कुणाच्या हाती लागेल याचा नेम नसे. येल विद्यापीठाच्या वॉल्टर कॅम्प या खेळाडूला ते खटकलं. त्याच्या आग्रहावरून १८८० मध्ये संघ पंधराऐवजी अकरांचा झाला आणि चेंडू एका संघाच्या ताब्यात राहू लागला. मधला गडी तो टाचेने मागे सारी, त्याच्या मागे उभा असलेला गडी, म्हणजे क्वार्टरबॅक, उचलून दुसऱ्याकडे देई. त्यामुळे डाव आधी रचता येऊ लागले.

पण चेंडू सोडायचा कधी, हे कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं! प्रतिपक्षाने अगदी रेटत मागे नेलं, तरी स्वतःच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवायचा आणि २५ यार्डांवरून पुन्हा आपणच सुरू करायचं. गुण जात नव्हता. १८८१ च्या येल-प्रिन्स्टन सामन्यात एका संघाने पहिला अर्धा भाग चेंडू दाबून ठेवला, दुसऱ्याने दुसरा. निकाल शून्य-शून्य, प्रेक्षक वैतागलेले. म्हणून १८८२ मध्ये नियम आला: तीन प्रयत्नांत ५ यार्ड पुढे जा, नाहीतर चेंडू द्या. ५ यार्ड म्हणजे साधारण साडेचार मीटर. ते मोजायला मैदानावर आडव्या पांढऱ्या रेघा आल्या.

१८८८ मध्ये चेंडूवाल्याला कमरेखाली, गुडघ्यापर्यंत धरायची मुभा मिळाली. मोकळ्या मैदानात एकटा पळणारा आता सहज आडवा व्हायचा. साहजिकच सगळे चेंडूवाल्याभोवती दाटीने जमून ढकलाढकली करू लागले. चेंडू हाताने पुढे फेकायला तर बंदीच होती. डोक्याला शिरस्त्राण नाही. मुलं केस वाढवत, तेवढाच आधार. अंगात कॅनव्हासचं जाकीट. पंचेचाळीस मिनिटांचे दोन भाग, आणि बदली गडी बहुतेक कुणी जायबंदी झाला तरच.

त्या १८८८ च्या मोसमात येलने ६९८ गुण केले, विरुद्ध एकही नाही. संघाला शिकवणारा कॅम्प तेव्हा घड्याळांच्या कंपनीत नोकरीला. दुपारचा सराव त्याची पत्नी ॲलिस बघायची, टिपणं काढायची आणि संध्याकाळी त्यावरून चर्चा व्हायची. श्रेय मात्र कॅम्पच्याच नावावर जमा होतं.

अशा येलला हरवायचं कसं, यावर प्रतिस्पर्धी हार्वर्डला उपाय सुचवला लोरिन डीलंडने. हा बुद्धिबळाचा शौकीन. स्वतः फुटबॉल कधी खेळलेला नव्हता. त्याने पकडली पळवाट अशी: सुरुवातीच्या किकला चेंडू किती लांब जावा, हे नियमात नव्हतंच. नोव्हेंबर १८९२, स्प्रिंगफील्ड, दुसऱ्या अर्ध्याची सुरुवात. कप्तान चेंडूपाशी एकटा. बाकीचे दोन तुकड्यांत, बरेच मागे, दोन बाजूंना. दोन्हीकडून धावत ते त्याच्यापाशी एकत्र आले. त्याने चेंडूला पाय नुसता लावला, उचलून मागच्याला दिला, आणि पाचरीसारखी ही रांग येलच्या एकाच बाजूवर आदळली. उभ्या माणसावर धावती रांग आदळली की तिथे कौशल्याला काही अर्थ उरत नाही. एवढं करूनही सामना येलनेच ६-० असा जिंकला!

पुढच्या मोसमात जो तो पाचर रचू लागला. १८९४ मध्ये ठरलं की किक किमान १० यार्ड गेलीच पाहिजे, आणि चेंडू खेळात येण्यापूर्वी तिघांपेक्षा जास्त जणांनी धाव घ्यायची नाही. वेळही सत्तर मिनिटांवर आणली. तरी त्याच साली हार्वर्ड-येल सामना इतका रक्तबंबाळ झाला की पुढची दोन वर्षं दोघं एकमेकांशी खेळलेच नाहीत. आणि पेनसिल्व्हेनियाच्या संघाने तोवर नवी शक्कल काढली होती: रांगेत मधल्या गड्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहणारे दोन धिप्पाड गडी, म्हणजे गार्ड, आधीच मागे आणून ठेवायचे, आणि चेंडू सुटला की त्यांना चेंडूवाल्याच्या पुढे घालून घुसायचं.